दादाचा पूर्वपक्ष

"पण," दादा म्हणाला.

"पाणी हवंय?" नाहीताईने विचारलं.

"पण."

"खिडकी लावू? ऊन येतंय का तोंडावर?"

"पण!" या वेळी त्याने डोळेच वटारले.

"म्हणजे माझंच चुकलंय," असं म्हणून नाहीताईने हातातला कागद मांडीवर उलटा ठेवला. "पुन्हा."

पक्षाघाताने दादाचं उजवं अंग आणि वाचा एकाच सकाळी नेली होती. समज जागच्या जागी होती, कान तर पहिल्यापेक्षा तिखट झाले होते. शब्द तेवढे गेले, आणि जाताना एक मागे विसरून गेले, तो हा. तहान लागली तरी पण, पाय अवघडला तरी पण, भेटायला आलेली माणसं उठायचं नाव घेईनात तरी पण. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात एखादा शब्द असा अडकून राहतो, त्याला काही अर्थ नसतो. वहिनीला मात्र यात काडीचंही नवल वाटलं नाही. "लग्न झाल्यापासून मी दुसरं ऐकलंय काय?" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगे, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून येई.

दादा वजनमापं तपासणारा निरीक्षक होता. दुकानोदुकानी फिरून काटे तपासण्यात त्याची सगळी नोकरी गेली. एकदा एक दुकानदार त्याच्याशी तावातावाने भांडला होता, "साहेब, बापाच्या काळापासून याच काट्यावर दुकान चाललंय. मग काटा चुकीचा कसा?" दादाने काट्याला सील ठोकलं आणि शांतपणे सांगितलं, "दुकान चाललं म्हणून काटा बरोबर ठरत नाही." हे वाक्य घरात इतकं मुरलं की वहिनीची भाजी खारट झाली आणि ती "संपली तर सगळी" म्हणाली, की दादा आणि नाहीताई दोघंही एका सुरात तेच म्हणत.

नाहीताई ही त्याची धाकटी बहीण. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात ती कामाला होती, दोन गल्ल्या सोडून एकटी राहत होती, आणि देव नाही असं तिचं ठाम मत होतं. वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी दुपारी वादमंडळ भरे, तिथे या भावंडांची इतकी जुंपायची की लोकांनी एकाला आहेभाऊ आणि दुसरीला नाहीताई करून टाकलं. मूळ नावं पुढे वर्गणीच्या पावतीपुरतीच उरली. भांडणाचं मूळ मात्र माडीवर नव्हतं. आई गेली तेव्हा दोघं शाळकरी होती आणि एकाच खाटेपाशी उभी होती. मागून कुणीतरी म्हणालं, देवाची इच्छा. धाकटीने तिथल्या तिथे देवाशी बोलणं टाकलं. असली इच्छा धरणाऱ्याशी बोलायचं तरी काय? थोरल्याने त्याच दिवशी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. दोघांचंही दुःख तेच होतं, आणि तरी आयुष्यभर दोघांनी एकमेकांना आपलं म्हणणं पटवायचा प्रयत्न सोडला नाही.

सुरुवातीला माडीवर नुसता गदारोळ व्हायचा. एकदा तर खुर्ची मोडली. तेव्हा दादाने मंडळात एक नियम आणला, जुन्या पंडितांच्या रीतीचा: आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्याच्याच तोंडावर असं मांडायचं की त्याला वाटलं पाहिजे, अरे, मलाही इतकं नीट जमलं नसतं. त्याचं समाधान झालं की त्याने बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा टकटक करायची. टकटक झाली तरच खोडायला सुरुवात. या नियमाने मंडळाची निम्मी माणसं गळाली, कारण दुसऱ्याचं ऐकून घेण्यापेक्षा घरी झोपलेलं बरं असं त्यांच्या लक्षात आलं. उरली ती मात्र जिवाला जीव देणारी उरली.

वर्षातून एकदा मंडळाचा जाहीर वाद खालच्या सभागृहात होई. यंदाचा विषय होता, देव मानणं बुद्धीला धरून आहे का. 'नाही' म्हणायला बाहेरून एक प्राध्यापक येणार होते; त्यांची भाषणं लोक फोनवर ऐकत आणि एकमेकांना पाठवत. 'आहे' म्हणायला दादा. त्याने त्यासाठी महिनोन्‌महिने वाचन केलं होतं. आणि मग ती सकाळ आली.

तो आजारी पडल्यावर माडीवर दोन प्रकारची माणसं दिसली. एक म्हणे, "देव परीक्षा बघतोय." दुसरा डोळा घालून म्हणे, "आता विचारा की, कुठे गेला तुमचा देव?" नाहीताईला दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली. दुसरा तर तिच्याच बाजूचा होता, म्हणून त्याचा जास्त राग आला.

ग्रंथपाल मंडळाचे अध्यक्ष होते, सज्जन, आणि सगळ्या सज्जनांसारखे जरा घाबरट. ते म्हणाले, "आपण एका प्रवचनकारांना विचारलंय. त्यांची वाणी फार गोड आहे. बायका ढसाढसा रडतात म्हणे."

"दादाने इतकं वाचलं ते बायकांना रडवायला?"

"तसं नव्हे हो ताई. खुर्ची रिकामी कशी ठेवायची?"

"मी बसते त्या खुर्चीवर. दादाची बाजू मी मांडते."

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. तरी समोर नाहीताईच होती. "तुम्ही? अहो, तुमचा विश्वास तरी आहे का?"

"विश्वास नाही. पाठ आहे."

हे ती बोलून गेली आणि तिथेच फसली, कारण पाठ नव्हतंच.

तिला वाटलं होतं, एका बैठकीत काम होईल. दादाचा मुद्दा तिने माडीवर कितीदा तरी मांडून दाखवला होता. दुकानातलं वजन निरीक्षकाच्या वजनाशी ताडून बघतात, निरीक्षकाचं त्याच्या वरच्या कचेरीतल्या वजनाशी, ते त्याच्याही वरच्या. कुठेतरी एक मूळ वजन असतं, ज्याच्यावर बाकी सगळी वजनं विसंबतात. तसंच खरं-खोटं आणि बरं-वाईट तोलायलाही एक मूळ माप हवं, आणि तेच ईश्वर. यावर ती विचारी, "मूळ वजन कोण तपासतं? ते न तपासता चालत असेल तर एक पायरी अलीकडेच का थांबू नये?" माडी हसे, दादाही हसे.

आता तिने तेच त्याच्या खुर्चीसमोर बसून मांडलं. चाकांच्या खुर्चीच्या हातांना गादी होती, तिच्यावर टकटक वाजत नसे, म्हणून वहिनीने त्याच्या मांडीवर चहाचा लाकडी ट्रे ठेवला होता. दादाचा डावा हात ट्रेवर होता. तो हललाच नाही.

"पण," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी तिने शब्द बदलले. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला. मग तिने त्याची पुस्तकं घरी नेली. समासात काही खुणा, काही शेरे सापडतील म्हणून पानन्‌पान चाळलं, आणि तेव्हा तिला आठवलं की पुस्तकावर लिहिणाऱ्याला दादा रस्त्यावर थुंकणाऱ्याच्या रांगेत बसवत असे. तिने ती सगळी पुस्तकं स्वतः वाचून काढली. विश्व मुळात आहेच कशाला, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी का आहे. निसर्गाचे नियम इतके नेमके कसे. अशी एकेक मांडणी करून ती रोज कामावरून परस्पर त्याच्याकडे येई आणि वाचून दाखवी. दादा लक्ष देऊन ऐके, मान डोलावी, आणि हात जागचा हलवत नसे.

एके दिवशी तिचा तोल सुटला. "अरे, वर्षानुवर्षं याच मांडणीला टकटक करत आलास ना? तेव्हा चालत होतं, मग आता काय झालं?"

दादाने नजर खाली घातली. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा त्याचा अर्धा चेहरा ओशाळला, आणि नाहीताईला एकदम उमगलं. कुठल्या दुकानदाराला कधी गुंजभर सूट न देणारा हा माणूस बहिणीला मात्र सोडून देत आला होता. राहिलेलं नंतर आपलं आपण बोलू, असा हिशेब होता त्याचा. आता नंतर नव्हतं. ती जेवढं बोलेल तेवढंच राहणार होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता सूट घ्यायची नाही. तूही द्यायची नाहीस."

त्यावर दादाने ट्रेवरचा हात उचलला आणि तिच्याकडे बोट केलं.

"काय? माझी पिशवी?"

"पण."

"मी जाऊ?"

"पण, पण." बोट तिच्यावरच.

वहिनी दारातून बघत होती. "ताई, तुमच्या केसांत कारखान्यातलं प्लास्टर अडकलंय. तेच दाखवताहेत बहुतेक."

प्लास्टर खरंच होतं. नाहीताईने ते काढून टाकलं. बोट मात्र खाली आलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. ती वाचे, तो बोट दाखवी. वहिनी एकदा तिला बाजूला घेऊन म्हणाली, "कशाला जिवाला एवढा त्रास करून घेता? तुमच्या मनाने काहीतरी छान बोला. लोकांना थोडंच कळणार आहे? आणि हे काय, उठून सांगणार आहेत?"

"उठून सांगणार नाही म्हणूनच, वहिनी."

सभा तोंडावर आली. एका दुपारी कारखान्यात नाहीताई एका म्हाताऱ्याची मेणात मांडलेली कवळी साच्यावर बसवून बघत होती. वरचे आणि खालचे दात एका बाजूला किंचित लवकर टेकत होते. तिने दंतवैद्याला फोन लावला. वैद्य तरुण होता आणि घाईत होता. "ताई, चालेल हो तेवढं. त्या आजोबांना काय कळतंय? ते तर पेज पितात नुसती. पाठवून द्या."

"बरं," म्हणून तिने फोन ठेवला, कवळी पुन्हा हातात घेतली आणि टेकणारे दात मेणातून उपसून काढले. म्हाताऱ्याला ती ओळखत नव्हती, पुढेही कधी ओळखणार नव्हती. वैद्याला चालत होतं, म्हाताऱ्याला समजणार नव्हतं, मालकाला तर काम लवकर गेलेलंच हवं होतं. दात नव्याने लावता लावता तिचा हात थांबला. मेणाची सुरी तशीच हातात राहिली.

दादाचं बोट तिला स्वच्छ दिसलं. ते पिशवीकडे नव्हतं आणि केसांकडेही नव्हतं.

कवळी पुरी केल्याशिवाय ती उठली नाही, एवढं खरं. मग मात्र अंगावरच्या कामाच्या कोटासकट ती भर दुपारी रस्त्याने निघाली आणि दादासमोर जाऊन उभी राहिली. कागद नव्हताच बरोबर.

"मी," ती म्हणाली. "तू मलाच दाखवत होतास. तुझा पुरावा मीच आहे."

दादाने तिच्याकडे रोखून पाहिलं.

"ऐक. मी देव मानत नाही. तुझी बाजू पडली तर माझीच जिंकते. तरी मी इतके दिवस घासतेय, ती तुझं म्हणणं चुकीचं सांगितलं जाऊ नये म्हणून. कुणाला कळणार नाही, तू तक्रार करू शकणार नाहीस, मला ना पैसा ना मान. तरी मला सुटता येत नाही. कशापासून सुटता येत नाही? माणसांनी घातलेला नियम असता तर माणसांना त्यातून सोडवताही आलं असतं. वहिनीने सोडवलं होतं मला. मी सुटले नाही. तुझं म्हणणं असं, की वाद घालणारे दोघंही, देव आहे म्हणणारा आणि नाही म्हणणारा, तोंड उघडायच्या आधीच खऱ्यापुढे वाकलेले असतात. दगडमातीचं कुणी काही देणं लागत नाही. आपण मात्र खऱ्याचं देणं लागतो. आणि देणं म्हटलं की ते कुणाचं तरी असतं. मी ज्याला नाही म्हणते, त्याचंच देणं मी रोज फेडत बसलेली असते. हे तुझं म्हणणं. वजनाची साखळी नुसती दुकानदारांना समजावी म्हणून होती."

दादाचा हात उठला. पेरं ट्रेवर आपटली. एकदा, आणि मग जरा दमाने, दुसऱ्यांदा.

"काय पडलं?" वहिनीने आतून विचारलं.

"काही नाही," नाहीताई म्हणाली, आणि मटकन खाली बसून रडली. दादाने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं. "मला पटलेलं नाही हां हे," ती म्हणाली. "नीट मांडलं म्हणजे पटलं असं समजू नकोस. मी जे केलं ते तुझ्या मायेपोटी केलं, आणि ती कवळी त्या आजोबांसाठी. माणसं माणसांचं देणं लागतात, तेवढं पुरतं मला."

दादा अर्ध्या चेहऱ्याने हसला. "पण," तो म्हणाला.

"ते सभेनंतर."

सभागृह भरलं होतं. दादाला पहिल्या रांगेच्या टोकाला खुर्चीसकट आणून ठेवलं होतं, शेजारी वहिनी, आणि वहिनीच्या पिशवीतून ट्रेचा कोपरा डोकावत होता. "एवढ्या लोकांत ट्रे काय काढायचा," ती पुटपुटली होती. नवऱ्याच्या वादांना ती आजवर एकदाही आली नव्हती. या लोकांना घरी भांडायला कुणी मिळत नाही का, असा तिचा साधा प्रश्न होता.

नाहीताईने पूर्वपक्ष मांडला. जास्त वेळ घेतला नाही, आवाज चढवला नाही. कुणी ढसाढसा रडलं नाही, तरी टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. बोलून झाल्यावर तिने खाली पाहिलं. दादाची मान छातीवर कलली होती. इतक्या दिवसांच्या दगदगीने, आणि कदाचित काळजी मिटल्यामुळे, तो गाढ झोपला होता. वहिनी त्याला हलवणार एवढ्यात नाहीताईने मानेनेच नको म्हटलं.

आता नियमाप्रमाणे प्राध्यापकांनी तिचं म्हणणं मांडून दाखवायचं होतं. "ताईंचं म्हणणं," ते म्हणाले, "नीतीने वागायला देवाची भीती लागते."

नाहीताईने टेबलावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"बरं. सत्य नावाची वस्तू आहे, त्याअर्थी ती कुणीतरी घडवली असणार."

हात हलला नाही. लोकांत चुळबुळ झाली. ग्रंथपाल हळूच म्हणाले, "ताई, वेळ..." तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ही सूट द्यायला ती मोकळी नव्हती.

प्राध्यापकांनी समोरचे कागद बाजूला सारले. माणूस मुळात प्रामाणिक होता. मग त्यांनी सावकाश सुरुवात केली, "मी आता तिसऱ्यांदा प्रयत्न करतोय. खरं तर मला कंटाळा आलाय, आणि लोकांना माझंच ऐकायचंय. तरी हे नीट न मांडता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ते 'बरोबर' मी ठरवलेलं नाही, मला ते नकोसंच आहे. ताई म्हणतात, ते आपण ठरवत नाही, आपण त्याला बांधलेले आहोत, आणि अशी बांधिलकी निर्जीव जगाशी असू शकत नाही. असंच ना?"

तिने झोपलेल्या भावाकडे एकदा पाहिलं. मग पेरांनी टेबलावर दोनदा टकटक केली.

त्यानंतर प्राध्यापक जे बोलले ते उत्तम होतं. माणूस कळपात वाढला. खोटं बोलणाऱ्याला कळपाने बाहेर काढलं. खऱ्याची चाड असलेले तगले, आणि ती चाड पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाडामांसात उतरली. म्हणून ती आपल्याला बाहेरून आल्यासारखी वाटते. तिला वर कुणी मालक नाही, आणि मालक नसताना ती बाळगणं यातच माणसाची थोरवी आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. यातला शब्दन्‌शब्द नाहीताईचा होता. ती आयुष्यभर हेच बोलत आली होती, फक्त तिला इतकं छान बोलता आलं नव्हतं.

ग्रंथपाल तिच्याकडे वाकले. "ताई, उत्तराची वेळ आहे. नाही दिलं तरी चालेल, कुणी काही म्हणणार नाही. तुमची स्वतःची मतं सगळ्यांना ठाऊकच आहेत."

नुसतं बसून राहायचं होतं. तिचीच बाजू जिंकली असती, आणि झोपलेल्या माणसाला कळलंही नसतं. तयारीतलं सगळं बोलून संपलं होतं, पुढचं दादाने तिला शिकवलेलं नव्हतं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"पण," ती म्हणाली.

लोक थांबले.

"चाड तगण्यासाठी आली म्हणता. मग आपली बुद्धीही तगण्यासाठीच आली असणार. देव नाही हे आपल्याला त्याच बुद्धीने सांगितलंय. ती तगायला उपयोगी पडली हे कबूल. ती खरं सांगते, हे कशावरून?" तिने पहिल्या रांगेकडे हात केला. "माझा भाऊ काटे तपासायचा. तो म्हणायचा, दुकान चाललं म्हणून काटा बरोबर ठरत नाही."

प्राध्यापकांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि ते पुढे सरकून ऐकू लागले. यालाही उत्तर होतं. नाहीताईला ते ठाऊक होतं आणि उद्या सकाळी दादाच्या खुर्चीसमोर बसून ती ते त्याला ऐकवणार होती. आत्ता मात्र ती त्याच्या बाजूने बोलत राहिली.

पहिल्या रांगेत वहिनीने पिशवीतून ट्रे काढला, झोपलेल्या नवऱ्याच्या डाव्या हाताखाली अलगद सारला आणि पदर सावरून, मान वर करून, ती ऐकू लागली.